मागून येणाऱ्यासाठी दिवा : ट्रॉलीच्या दिव्यांची निगा

प्रस्तावना

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन घरात येते. मग शेतात सीतादहीची पूजा होते, कापसाची वेचणी सुरू होते आणि नाचणगावच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. गाव पुलगावला लागून असल्यामुळे बाजार, जिनिंग, रेल्वे स्टेशन सारे जवळच. हिवाळ्याचा दिवस लहान असतो. माल भरता भरता ऊन कलते, काट्यावर रांग लागते आणि ट्रॉली रिकामी होऊन गावाकडे वळते तेव्हा अंधार पडलेला असतो. अशा वेळी रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहून ट्रॉल्यांच्या मागच्या बाजू पाहाव्यात. एखादीचे दोन्ही दिवे नीट लागलेले दिसतात. एखादीचा एकच लागतो आणि तोही ब्रेक दाबला की मंदावतो. काहींच्या मागे दिव्याचे नुसते फुटके खोके उरलेले असते आणि त्यातून वायरचे टोक लोंबत असते. ही पुस्तिका त्या न लागणाऱ्या दिव्यांविषयी आहे. ते का बंद पडतात आणि ते वर्षानुवर्षे चालू ठेवायचे कसे, एवढाच तिचा विषय.

विषय लहान वाटेल. ट्रॅक्टरचे इंजिन, हायड्रॉलिक, टायर यांच्यापुढे दोन तांबड्या दिव्यांचे ते काय मोल! पण पुढचा दिवा आणि मागचा दिवा यांत एक मोठा फरक आहे. पुढचा दिवा बंद पडला की चालकाची अडचण होते, म्हणून तो त्याच रात्री दुरुस्त होतो. मागचा दिवा बंद पडला तरी चालकाला काहीच कळत नाही. त्याची बसण्याची जागा पुढे, दिवा ट्रॉलीच्या शेवटच्या टोकाला, मध्ये कापसाचा ढीग. त्या दिव्याचा उपयोग त्याला स्वतःला होत नाही, मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला होतो. म्हणून तो महिनोन्‌महिने बंद राहतो आणि कोणाचे काही अडत नाही, एखादी वाईट रात्र येईपर्यंत.

ती वाईट रात्र कशी येते, हे साध्या हिशेबाने समजते. समजा मागून एक मोटार ताशी ८० किलोमीटरने येत आहे आणि भरलेली ट्रॉली ताशी २० किलोमीटरने चालली आहे. दोघांमधले अंतर सेकंदाला सुमारे १७ मीटरने कमी होते. खालच्या झोतात, म्हणजे डिपरवर, मळकट रंगाची बिनदिव्याची ट्रॉली साधारण ५० मीटरच्या आत आल्यावरच डोळ्यांना जाणवते. म्हणजे मोटारवाल्याच्या हाती जेमतेम तीन सेकंद उरतात. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असेल तर दोनच. त्या वेगाने येणाऱ्या गाडीला कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला, चालकाचे भान येण्याचा वेळ धरून, ६० मीटरहून जास्त जागा लागते. हिशेब इथेच संपतो. मोटारवाला कितीही सावध असला तरी उभ्या ट्रॉलीआधी थांबणे त्याच्या हातात राहत नाही. आता केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ काय सांगतात ते पाहा. मागचा तांबडा दिवा स्वच्छ हवेत १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. १५५ मीटर म्हणजे वरच्या उदाहरणात नऊ सेकंद. तीन आणि नऊ यांच्यामधल्या सहा सेकंदांत माणसे वाचतात. दुचाकीवरून घरी निघालेला कामगार, लग्नाहून परतणारे कुटुंब, रात्रीची एसटी, या सगळ्यांसाठी ते सहा सेकंद असतात.

आपल्याकडे ही जाण नवीन नाही. बंडीच्या काळात रात्रीच्या प्रवासाला निघताना दांडीला किंवा आखाखाली कंदील टांगत. बैलांना वाट दिसावी हा त्याचा एक उपयोग होता, आणि दुरून येणाऱ्याला बंडी दिसावी हा दुसरा. काच पुसणे, वात कापणे, घासलेट भरणे ही कामे संध्याकाळच्या इतर कामांसोबत रोज होत. बंडी गेली, ट्रॉली आली, दिवा विजेवर गेला. विजेच्या दिव्याला रोजची निगा लागत नाही अशी आपली समजूत झाली. त्याला निगा लागतेच. फक्त ती रोज न लागता वर्षातून चार वेळा लागते आणि कुठे लागते ते डोळ्यांना दिसत नाही.

ट्रॉलीच्या दिव्यांचे दुखणे समजून घ्यायचे तर आधी समुद्रकाठी जावे लागते. जगभर लहान बोटी ट्रेलरवर लादून पाण्यापर्यंत नेतात. बोट पाण्यात सोडताना ट्रेलरचा मागचा भाग पाण्यात बुडवावा लागतो, आणि त्याच भागावर दिवे असतात. रस्त्यावर येताना ते दिवे जळून गरम झालेले असतात. गरम दिवा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही पाणी आत ओढून घेते. समुद्राचे असेल तर ते पाणी खारे. वर ट्रेलर धुवून उन्हात उभा केला तरी आतले मीठ तिथेच राहते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. म्हणून बोटीच्या ट्रेलरचे दिवे हा वाहनांच्या वायरिंगमधला सर्वांत कठीण पेपर मानला पाहिजे. तिथे जी वायरिंग टिकते ती कुठेही टिकते. बोटवाल्यांनी अनुभवातून काही नियम पक्के केले: पाण्यात उतरण्याआधी प्लग काढा, दिवे निवू द्या, अर्थिंगची वायर वेगळी घ्या, जोड कमीत कमी ठेवा, जो जोड ठेवाल तो पाणीबंद करा. या पुस्तिकेतले अनेक नियम त्याच शाळेतले आहेत.

नाचणगावपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. इथे मीठ कुठून आले, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. ते खताच्या पोत्यातून आले. म्युरेट ऑफ पोटॅश या खताचे रासायनिक नाव पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा क्लोराइडचा असतो, आणि लोखंड-तांब्याला खाणारा मिठातला घटकही क्लोराइडच. १०:२६:२६ सारख्या मिश्रखतातले पोटॅशही बहुधा याच रूपात येते. पोती ट्रॉलीत आपटली जातात, एखादे फाटते, दाणे फळ्यांच्या फटींतून खाली चासिसवर आणि मागच्या दिव्याच्या डोक्यावर पडतात. मृगाचा पाऊस आला की तिथल्या तिथे खारे पाणी तयार होते. वर्धा जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तेवढे पाणी पुरेसे आहे.

दुसरा शत्रू त्याहून छुपा आहे, तो म्हणजे अमोनिया. उन्हाळ्यात ट्रॉलीतून शेणखत वाहतो, पावसाळ्यात युरिया. शेणखत कुजताना अमोनिया सुटतो हे नाकालाच कळते. युरियाला ओल आणि शेणामातीतले जिवाणू मिळाले की त्यातूनही अमोनियाच निघतो. अमोनिया लोखंडापेक्षा तांबे आणि पितळ यांचा वैरी आहे, आणि वायर तांब्याची, तर होल्डरच्या पट्ट्या व सॉकेटच्या पिना बहुधा पितळी असतात.

या संदर्भात धातुशास्त्राच्या इतिहासातली एक घटना नाचणगावकरांना जवळची वाटेल. पुलगावला देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. त्या भांडाराच्या स्थापनेच्याही आधी ब्रिटिश सैन्याला हिंदुस्थानात एक कोडे पडले होते. पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या तबेल्यात साठवून ठेवत. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडल्या की अनेक काडतुसांची पितळी नळी आपोआप तडकलेली सापडे. ना कोणी हात लावलेला, ना आग लागलेली. पावसाळ्याशी संबंध दिसला, कारण मात्र उमगेना. अखेर १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतली ओल आणि पितळ ओढून नळी बनवताना धातूत राहिलेला ताण, या तिन्हींच्या मेळाने पितळ चिरत होते. पत्र्यातून ठोकून काढलेल्या, स्प्रिंगच्या जोरावर बल्ब दाबून धरणाऱ्या पितळी पट्टीतही ताण असतोच. वर शेणखताचा वास आणि पावसाळी दमट हवा. होल्डरची पट्टी एके दिवशी हातात तुटून येते तेव्हा आपण म्हणतो, माल हलका होता. माल हलका असेलही, पण त्या तबेल्यातले सारे साहित्य आपल्या ट्रॉलीत दरवर्षी गोळा होते हेही ध्यानात घ्यावे. खत वाहून झाल्यावर ट्रॉली साध्या पाण्याने धुण्याचा आग्रह या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येतो तो यासाठी.

तिसरी गोष्ट आपल्या मातीची. काळी कपाशीची माती ओली झाली की चिकटते आणि ओल लवकर सोडत नाही. चाकाने उडवलेला चिखल दिव्याच्या मागच्या बाजूला, ब्रॅकेटच्या कोपऱ्यात, वायर जिथून खोक्यात शिरते नेमका तिथे थापला जातो. वरून सुकलेला दिसतो, आत आठवडाभर ओला असतो. त्याच्याखालचा पत्रा सगळ्यांत आधी सडतो. आणि चौथी गोष्ट उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हातला लोखंडी पत्रा त्याहून कितीतरी तापतो. त्या तापाने काळ्या टेपचा चिकटा पातळ होऊन टेप उलगडतो, दिव्याच्या काचेखालचे रबर कडक होऊन चिरते. मग जूनमध्ये पाऊस येतो आणि त्याला दार उघडेच सापडते. आपल्याकडची दिव्यांची बहुतेक दुरुस्ती पावसाळ्यात निघते, पण तिचे बीज उन्हाळ्यात पडलेले असते.

एवढे कळले की पुस्तिकेचे मुख्य म्हणणे मांडता येते. ट्रॉलीचा दिवा बंद पडला की आपण बल्ब बदलतो. बल्ब जातो हे खरे, पण पुन्हा पुन्हा बंद पडणाऱ्या दिव्याचा रोग क्वचितच बल्बमध्ये असतो. तो जोडात असतो. वीज बॅटरीतून निघून दिव्यापर्यंत पोचते आणि परत बॅटरीत येते. या फेरीत जिथे जिथे एक धातू दुसऱ्याला टेकतो तिथे तिथे पाणी, क्षार आणि अमोनिया यांना काम करायला जागा मिळते. म्हणून दिव्याची निगा म्हणजे जोडांची निगा.

त्यांतला सर्वांत दुर्लक्षित जोड परतीचा, म्हणजे अर्थिंगचा. बहुतेक ट्रॉल्यांमध्ये दिव्यापर्यंत जाणारी वायर असते, पण परतीची वायर नसते. दिव्याचा बोल्ट चासिसला, चासिस दांड्याला, दांडा पिनेने ट्रॅक्टरच्या हुकाला, आणि हूक ट्रॅक्टरच्या सांगाड्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला, असा परतीचा प्रवास होतो. आता ती पीन डोळ्यांसमोर आणा. गंजलेली, ग्रीस आणि माती माखलेली, भोकात खडखडणारी. ट्रॉली चढावर असली तर पीन एका बाजूला टेकते, उतारावर दुसऱ्या, खड्ड्यात क्षणभर कुठेच नाही. त्या पिनेवर दिव्यांची सगळी भिस्त आहे.

याचा परिणाम आकड्यांत मांडू. रात्री ब्रेक दाबला तर मागचे २१ वॉटचे दोन आणि ५ वॉटचे दोन असे बल्ब एकदम लागतात. १२ व्होल्टवर ते मिळून सव्वाचार अँपिअरच्या आसपास वीज ओढतात. परतीच्या वाटेवर गंजामुळे फक्त अर्धा ओहम अडथळा आला तरी सुमारे पावणेदोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. बल्बला सव्वादहा व्होल्टसुद्धा धड मिळत नाहीत. तारेचा बल्ब अशा वेळी थोडासा मंद होऊन थांबत नाही. व्होल्टेज थोडे उतरले तरी प्रकाश फार उतरतो, आणि इथे तो जवळजवळ निम्म्यावर येतो. दिवसा गॅरेजमध्ये पाहिले तर दिवा लागलेला दिसतो आणि मालक समाधानाने घरी जातो. रात्री दुरून मात्र तो दिवा फिका पडलेला असतो.

उपाय स्वस्त आहे. दिव्यापासून सॉकेटच्या अर्थिंगच्या पिनेपर्यंत आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी, इतरांहून जाड वायर ओढायची. सात पिनांच्या गोल सॉकेटमध्ये तिसरी पीन यासाठीच ठेवलेली असते. ही एक वायर टाकली की बऱ्याच ट्रॉल्यांचे निम्मे दुखणे तिथेच मिटते. दुसरे प्रकरण पूर्णपणे या वायरीला दिले आहे. तपासणीची रीतही त्यात आहे. दिवे आणि ब्रेक लावून मीटरची एक काडी दिव्याच्या अर्थिंगला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर वाटेत कुठेतरी गंज बसला आहे. मीटर नसेल तर लक्षणे वाचावीत. इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की मागचा साधा दिवा विझतो, तर बल्बला हात न लावता आधी अर्थिंग पाहावे. खड्ड्यात जाणारा-येणारा दिवा होल्डरची सैल पट्टी किंवा ढिला जोड सांगतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर कुठेतरी वायर सोलून पत्र्याला टेकते आहे.

फ्यूजवरून एक गोष्ट इथेच कळकळीने सांगतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद गुंडाळण्याची सवय फार पसरली आहे. तसे केल्यावर सोललेली वायर पत्र्याला टेकली की फ्यूजऐवजी वायरच तापते, वरचे प्लॅस्टिक वितळते आणि ठिणगी पडते. ट्रॉलीत गिट्टी असेल तर वायर जळून भागेल. कापूस असेल तर काय होईल हे वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. वर्षभराच्या मेहनतीचे पीक आणि माणसांचे जीव काही रुपयांच्या फ्यूजवर अवलंबून असतात. योग्य क्षमतेचे दोन-चार फ्यूज ट्रॅक्टरच्या पेटीत कायम असू द्यावेत.

जोड कसा करावा हे तिसऱ्या प्रकरणात आहे. दोन टोके सोलून पिळा मारायचा आणि टेप गुंडाळायचा, ही आपली नेहमीची पद्धत. तिचे दोष वर आलेच आहेत. त्यात आणखी एक भर घालावी लागते. वायरीच्या आत तांब्याचे अनेक केस असतात आणि त्यांच्या मधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप आत आत झिरपत जाते. म्हणून जोडापासून वीतभर अंतरावर वायर सोलली तरी आतले तांबे काळे-हिरवे निघते आणि चिमटीत मोडते. अशा वायरीवर नवा जोड करण्यात अर्थ नसतो. चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापत जावे, नाहीतर सगळी वायरच बदलावी. जोड करायचाच तर तो दाबून बसवायच्या थिंबलने करावा आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी चढवावी. नुसता डाख लावलेला जोड पाण्याला बरा, पण धक्क्यांना कच्चा असतो. डाख जिथे संपतो तिथे वायर ताठ होऊन हादऱ्यांनी तुटते. त्यामुळे अशा जोडाला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. आणि ज्याला नवी वायर टाकायचीच आहे त्याने शक्य तिथे कलई केलेल्या तांब्याची वायर घ्यावी. पितळी भांड्याला कलई केली की आंबट वरण कळकत नाही, तेच शास्त्र इथे आहे. बोटींच्या वायरिंगमध्ये हीच वायर वापरतात.

सॉकेटचे दुखणे वेगळे. तिथे नुसती ओल नसते, ओलीत वीजही असते. दिवे चालू असताना सॉकेटमध्ये पाणी गेले की पॉझिटिव्ह पिनेचा धातू वीजच विरघळवते आणि हिरवी भुकटी साचते. साध्या गंजापेक्षा हे कितीतरी वेगाने होते. म्हणून सॉकेटचे झाकण स्प्रिंगसकट शाबूत हवे, तोंड खाली झुकलेले हवे, आणि ट्रॉली सोडल्यावर प्लग जमिनीवर लोळता कामा नये. दांड्यावर एक हूक लावून तो तिथे तोंड खाली करून अडकवावा. पिना स्वच्छ करून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा, जसा आपण बॅटरीच्या टर्मिनलवर फिरवतो. ट्रॉली धुताना किंवा नाल्यातून, नदीतून उतरताना बोटवाल्यांचा पहिला नियम पाळावा: आधी दिवे बंद, थोडे निवू द्यावेत, प्लग काढावा, मगच पाणी.

चौथे प्रकरण दिव्याच्या निवडीचे. एलईडी दिवे आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. चांगल्या प्रतीच्या दिव्यात सारा भाग राळेत पक्का भरलेला असतो, होल्डर नसतो, तापणारी तार नसते, आणि वीज बल्बच्या मानाने फारच थोडी लागते. धक्के खाणाऱ्या ट्रॉलीसाठी ही मोठी सोय आहे. पण एलईडी लावला म्हणजे जोडांची निगा संपली असे नाही. दिवा पाणीबंद, पण त्याच्या मागून निघणारी वायर पुन्हा पिळा-टेपवर जोडली तर गंज तिथून सुरू होतो. शिवाय जुना फ्लॅशर बल्बच्या ओढीवर बेतलेला असतो. एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकू लागला तर एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा. जे बल्बचेच दिवे ठेवतील त्यांनी दिव्याच्या खोक्याला तळाशी असलेले बारीक भोक कधीही बुजवू नये. वरून आणि बाजूंनी सिलिकॉन लावावे, खालून पाण्याला वाट ठेवावी. पाणी आत येऊ न देणे पूर्णपणे जमत नाही, आलेले पाणी बाहेर जाणे नेहमी जमू शकते.

विजेच्या दिव्याला एक बिनविजेचा सोबती हवा. तो म्हणजे रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी. त्याला वायर नाही, जोड नाही, म्हणून तो असा बंद पडत नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात १९६० च्या दशकात सावकाश चालणाऱ्या शेती-वाहनांसाठी नारिंगी-तांबडा त्रिकोण तयार झाला तो याच विचाराने, आणि आज तो अनेक देशांत ट्रॅक्टरांच्या मागे दिसतो. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या भागांत गाळप हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात. कापसाच्या प्रदेशातही तशा व्हायला हव्यात. मात्र रिफ्लेक्टरच्या दोन मर्यादा ओळखाव्यात. त्याच्यावर दुसऱ्याचा प्रकाश पडला तरच तो चमकतो, आणि चिखलाने माखला तर तो नसल्यासारखाच. तो दिव्याची जागा घेत नाही, दिवा दगा देईल त्या क्षणी पाठीशी उभा राहतो. फाळक्याबाहेर लोंबणारा कापसाचा बोजा किंवा पऱ्हाट्या दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही झाकतात, म्हणून माल भरून झाल्यावर मागे जाऊन एकदा पाहणे हे भरणीचेच काम समजावे.

शेवटच्या प्रकरणात वर्षाचे वेळापत्रक आहे आणि ते शेतीच्या वर्षाशी जुळवले आहे, कारण इंग्रजी महिन्यांपेक्षा ते लक्षात राहते. पहिली तपासणी मृगाआधी, शेणखत वाहून झाल्यावर: ट्रॉली धुवायची, टेप आणि रबर पाहायचे, जोड पक्के करायचे. दुसरी पोळ्याला: त्या दिवशी बैल धुतले जातात, सजतात, आणि ज्या घरी बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली तिथे ट्रॅक्टरही धुतला जातो. तेव्हाच दिव्यांवरचा चिखल काढावा, काचेच्या आत पाणी साचले आहे का ते बघावे. तिसरी दसऱ्याला: यंत्रांची पूजा होते, हार चढतो, त्याआधी मीटर लावून अर्थिंग तपासावे, कारण पुढचे चार महिने रात्रीच्या वाहतुकीचे आणि पहाटेच्या धुक्याचे असतात. चौथी संक्रांतीच्या सुमारास, हंगाम मध्यावर असताना: सैल झालेले होल्डर, घासलेल्या वायरी, फुटलेल्या काचा. प्रत्येक वेळी फार तर तासाभराचे काम आहे.

ही पुस्तिका तीन प्रकारच्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पहिला ट्रॅक्टरमालक, ज्याने खर्चाचा निर्णय घ्यायचा. दुसरा चालक, जो रोज ट्रॉलीसोबत असतो आणि ज्याच्या ध्यानात बिघाड सर्वांत आधी यायला हवा. तिसरा वायरिंगचे काम करणारा कारागीर, ज्याच्या हातात खरे कौशल्य आहे. या कारागिरांबद्दल मला फार आदर आहे. मिळेल त्या मालातून, गिऱ्हाईक डोक्यावर उभे असताना ते काम पार पाडतात. गिऱ्हाइकाने घाई केली आणि स्वस्तात मागितले तर ते टेपच गुंडाळणार. त्यामुळे चांगले काम मागण्याची आणि त्याचे पैसे देण्याची जबाबदारी मालकावरही येते. आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर, मोटार मेकॅनिक किंवा वायरमन शिकणाऱ्या मुलांनाही या पानांचा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. शाळेत ते विजेचा फेरा कागदावर शिकतात. त्याच फेऱ्यात गंजलेली पीन कुठे बसते हे त्यांना ट्रॉलीवरच दिसेल.

एक गोष्ट कायद्याविषयी. ट्रॉली हे कायद्याने वेगळे वाहन आहे, तिची नोंदणी होते, आणि सूर्यास्तानंतर रस्त्यावर असताना तिला दिवे सक्तीचे आहेत. दंड टाळावा हे ठीकच. पण दंडाच्या भीतीने लावलेला दिवा तपासणी नाका ओलांडला की विसरला जातो. आपल्या मागून येणारा माणूस याच पंचक्रोशीतला, कदाचित आपल्याच घरातला आहे, या जाणिवेने लावलेला दिवा टिकतो. जिल्ह्यात कुठे पूर आला आणि रात्री ट्रेलरवर बोट घालून नेण्याची वेळ आली, तर त्या ट्रेलरलाही या पुस्तिकेतले हेच नियम लागू होतात. मदतीला निघालेले वाहन स्वतः अपघाताचे कारण होता कामा नये.

वाचकाला विनंती इतकीच की ही पुस्तिका वाचून कपाटात ठेवू नये, ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावी. सगळे एकदम करणे जमणार नसेल तर आज एकच काम करावे: अंधार पडल्यावर ट्रॅक्टर सुरू करून घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे आणि स्वतः ट्रॉलीच्या मागे शे-दीडशे पावले चालत जाऊन वळून पाहावे. दोन्ही दिवे स्पष्ट दिसले तर उत्तम. दिसले नाहीत, तर दुसरे प्रकरण उघडून अर्थिंगच्या वायरीपासून सुरुवात करावी, आणि ती वायर पडेपर्यंत ट्रॉली रात्री रस्त्यावर काढू नये.